फ्लॅट-पॅक कॅबिनेट घेऊन किचन करायचंय? आधी ओट्याचं ठरवा, मग बजेट काढा

गेल्या वर्षी आम्ही पुण्यात कोथरूडच्या आमच्या जुन्या टूबीएचकेचं किचन नव्याने केलं. ट्रॉल्या गंजल्या होत्या, सिंकखालचं कॅबिनेट फुगून गेलं होतं आणि झुरळांनी जीव नको केला होता. शोरूमची कोटेशन्स झेपण्यातली नव्हती म्हणून मग फ्लॅट-पॅक कॅबिनेट घ्यायचं ठरलं, म्हणजे तयार कापलेले पॅनल, शटर म्हणजे पुढची दारं, स्क्रू सगळं चपट्या खोक्यांत येतं आणि घरी जोडायचं. मी ऑनलाइन बसून कॅबिनेटची बेरीज केली, ती आली साधारण १,३०,०००, वर फिटिंगचे वीस हजार धरले आणि घरात सांगून टाकलं की दीड लाखात किचन होतंय. झालं २,७४,००० मध्ये. कॅबिनेटचे पैसे मी धरले तेवढेच लागले, एक रुपया जास्त नाही, चुकलं ते बाकीचं सगळं, कारण मी ते धरलंच नव्हतं. तेव्हा हे पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी सविस्तर लिहितेय, ज्या क्रमाने मी आता केलं असतं त्याच क्रमाने.

सगळ्यात आधी: ओटा ठेवायचा की फोडायचा?

कॅबिनेटचा कॅटलॉग उघडायच्या आधी हे ठरवा, कारण तुमच्या बजेटचा जवळपास पाव हिस्सा ह्या एका उत्तरावर आहे. फ्लॅट-पॅक सिस्टिम बनवल्या आहेत त्या अशा घरांसाठी जिथे आधी कॅबिनेट उभी राहतात आणि मग त्यांच्यावर टॉप बसतो. आपल्याकडे उलटं असतं, आधी कडप्प्याच्या उभ्या फरश्या, त्यावर ग्रॅनाइटचा ओटा, आणि मग खालच्या खणांत सुतार मापाने ट्रॉल्या बसवून देतो. ह्या दोन पद्धती एकमेकींत बसत नाहीत आणि हे आपल्याला कोणी आधी सांगत नाही.

आकड्यातच बघा. जुन्या बिल्डिंगमधला ओटा साधारण ३२ इंच उंच असतो, म्हणजे ८१ सेंमी. वरचा ग्रॅनाइट आणि त्याखालचा कडप्पा वजा केला की खाली मोकळी उंची उरते ७५-७६ सेंमी. आणि आयकिया ह्या फर्निचर कंपनीच्या मेटोड नावाच्या किचन सिस्टिमचं खालचं कॅबिनेट ८० सेंमी उंच, वर पायांचे ८, म्हणजे ८८. पाय न लावता सुद्धा ते जुन्या ओट्याखाली जाणार नाही. त्यांचं ६० सेंमीचं छोटं कॅबिनेट आहे, ते जातं, पण मग वर हातभर नसली तरी चार बोटं जागा वाया जाते आणि तिथे फिलर म्हणजे फट झाकणारी पट्टी मारावी लागते.

खोलीचं पण तसंच. ती कॅबिनेट ६० सेंमी खोल, पुढे शटरचे जवळपास दोन, म्हणजे ६२. आपला ओटा २४ इंच म्हणजे ६१ सेंमी. म्हणजे शटर ग्रॅनाइटच्या बाहेर येणार, आणि ओटा पुसताना सगळं पाणी शटरच्या वरच्या कडेवर. आपले सुतार बॉक्स २१-२२ इंच खोलच करतात ते ह्याच कारणाने, ओट्याचं नाक पुढे राहायला हवं.

रुंदी तर विचारूच नका. तयार कॅबिनेट २०, ३०, ४०, ६०, ८० अशा ठरलेल्या मापात येतात, आणि कडप्प्याच्या दोन फरश्यांमधला गाळा कधी ७१ असतो कधी ५४.

त्यामुळे सरळ सांगायचं तर दोनच रस्ते आहेत. ओटा चांगला असेल, कुठे तडा नसेल, उंची सोयीची असेल तर तो राहू द्या आणि खाली तुमच्या मापाने कापून मिळणारी कॅबिनेट घ्या, पुण्यात आता बरेच छोटे कारखाने मशीनवर पॅनल कापून, कडांना एजबँड म्हणजे झाकपट्टी लावून, पॅनल एकमेकांना जोडणाऱ्या मिनिफिक्स स्क्रूंची भोकं पाडून सुटे भाग देतात, ती पण फ्लॅट-पॅकच. माझ्या ताईने कर्वेनगरला हेच केलं आणि तिचा तोडफोड, ग्रॅनाइट, टाइल्स हा सगळा खर्च वाचला. दुसरा रस्ता म्हणजे ठरलेल्या मापाची कॅबिनेट घ्यायची आणि ओटा नवीन करायचा. आम्ही हा घेतला कारण आमचा ओटा सिंकपाशी खचला होता आणि मला डिशवॉशर हवा होता, तो साधारण ८५ सेंमी उंच असतो, ३२ इंची ओट्याखाली काही केल्या जात नाही.

ओटा नवीन करणार असाल तर उंची घरात जे जास्त वेळ उभं राहून स्वयंपाक करतं त्याच्या मापाने ठरवा. हात कोपरात वाकवून उभं राहायचं, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं आणि त्यातून चार ते सहा इंच कमी करायचे. आमच्याकडे सासूबाई पाच फुटाच्या आत आणि मी पाच चार, दोघींच्या मापात दोन-अडीच इंचांचा फरक. शेवटी ओटा ३४ इंच केला, त्यासाठी ६० ची कॅबिनेट घेऊन पाय उंच लावले आणि मधल्या जागेत पोळपाट-लाटणं, सुऱ्या ठेवायला उथळ ड्रॉवर सुताराकडून करून घेतले. डिशवॉशर वरची झाकणाची फळी काढून ओट्याखाली बसला, पण ती फळी निघते का हे मॉडेल घेण्याआधीच विचारून ठेवा, सगळ्यांची निघत नाही.

मग माप, आणि तेही दोनदा

माप इंचात नको, मिलिमीटरमध्ये घ्या. सुतार जागेवर रंधा मारून जमवून घेतो, खोक्यात आलेल्या पॅनलला ती सोय नाही. प्रत्येक भिंत तीन उंचीवर मोजा, जमिनीलगत, ओट्याच्या उंचीला आणि डोक्याच्या उंचीला, आणि तिघांतलं सगळ्यात लहान माप धरा. आमची दहा फुटी भिंत खाली आणि वर १८ मिमीने वेगळी निघाली. कोपरा काटकोनात आहे का ते बघायला एका भिंतीवर ३ फुटावर खूण करायची, दुसरीवर ४ फुटावर, दोन्ही खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट आलं तर कोपरा सरळ. पाचपेक्षा कमी-जास्त आलं तर दोन्ही टोकांना फिलरसाठी दोन-तीन सेंमी सोडायलाच हवेत, सगळी भिंत कॅबिनेटने भरायला गेलात तर शेवटचं कॅबिनेट बसणार नाही.

वरच्या कॅबिनेटचा हिशोब वेगळा करा कारण पुण्यातल्या जुन्या फ्लॅटमध्ये किचनला सिमेंटचा लॉफ्ट असतो, आमच्याकडे तो ७ फुटावर म्हणजे २१३ सेंमीवर आहे. ओटा ८६ वर, ओटा आणि कॅबिनेटच्या मध्ये ६० सोडले की झाले १४६, उरले ६७. म्हणजे ६० उंचीचं कॅबिनेट बसतं, ८० चं नाही. मी सुरवातीला ८० ची कार्टमध्ये टाकून बसले होते कारण फोटोत ती छान दिसत होती.

दुसरं माप ओटा आणि टाइल्स झाल्यावर घ्यायचं. टाइल आणि तिच्याखालचा माल मिळून भिंत इंचभर पुढे येऊ शकते आणि दोन्ही बाजूंनी आली तर तुमचे दोन इंच गेले. म्हणून जमलं तर कॅबिनेटची ऑर्डर ह्या दुसऱ्या मापानंतरच द्या, भले पंधरा दिवस जास्त हॉलमध्ये इंडक्शनवर स्वयंपाक करावा लागला तरी चालेल.

आणि हो, भिंत कशाची आहे ते विचारून घ्या. वीट असेल तर काही प्रश्न नाही. हलक्या एएसी ब्लॉकची असेल तर साधे प्लास्टिक प्लग ढिले होतात, त्या ब्लॉकसाठीचे वेगळे प्लग मिळतात तेच लावा, वरच्या कॅबिनेटमध्ये ताटं-वाट्या भरल्यावर वजन खूप होतं. वाकड, हिंजवडी, बाणेरकडच्या नवीन टॉवरमध्ये बऱ्याच ठिकाणी मायवान पद्धतीच्या भिंती आहेत, म्हणजे पूर्ण आरसीसी. तिथे भिंत खोदून पाइप किंवा वायर आत घालायला जाऊ नका, ती भिंत बिल्डिंग पेलते, सोसायटी परवानगी देत नाही आणि देऊही नये. मग सिंकची जागा बदलायचा विचार सोडून द्या आणि आहे त्या पॉइंटभोवती प्लॅन करा, पैसे पण वाचतात.

आता कॅबिनेट निवडणं, इथे पैसे कुठे जातात

बॉक्स आणि शटर स्वस्त असतात, महाग असतं ते आतलं हार्डवेअर. ६० चं एकच कॅबिनेट, आत दोन फळ्या आणि पुढे एक शटर, त्याच्याऐवजी तिथेच तीन ड्रॉवर घेतले की किंमत दुप्पट किंवा त्याहून जास्त होते. म्हणून सगळीकडे ड्रॉवर टाकत सुटू नका. आम्ही कागदावर लिहून काढलं की रोज काय काढतो, वाकून काय काढतो आणि महिन्यातून एकदा काय काढतो. रोजचं म्हणजे चमचे-डाव, ताटं-वाट्या, कुकर-कढया, मसाल्याचा डबा, ह्याला ड्रॉवर. पिठाचे-तांदळाचे मोठे डबे, पुरणयंत्र, इडलीपात्र, ह्याला साधी फळी आणि शटर. अशाने चौदा ड्रॉवरवरून आम्ही सहावर आलो.

एल आकाराच्या किचनमध्ये कोपरा येतो, तिथे फिरणारी किंवा बाहेर ओढायची जाळी लावा म्हणून सगळे आग्रह करतात, ती एकटीच एका अख्ख्या कॅबिनेटएवढ्या पैशाची असते. मला ती नको वाटली. कोपऱ्यात साधं बंद कॅबिनेट ठेवलं, आत सणावाराची पातेली आणि दिवाळीचे झारे-सोऱ्या, चालतं.

मटेरियलचं थोडं समजून घ्या. बहुतेक तयार फ्लॅट-पॅक कॅबिनेटचा बॉक्स पार्टिकल बोर्डचा म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा असतो, वर मेलामाइनचा थर. कोरड्या जागी तो वर्षानुवर्षं चांगला राहतो, वाईट नाही, पण पाणी कडेतून आत गेलं की फुगतो आणि फुगलेला परत बसत नाही. आधीच्या किचनमध्ये एका स्थानिक दुकानातून घेतलेलं सिंकचं कॅबिनेट एका पावसाळ्यात गेलं होतं, सिंकखालच्या वाकड्या पाइपच्या, म्हणजे ट्रॅपच्या जोडातून थेंब थेंब गळत होतं आणि आम्हाला खाली वाकून बघायचं सुचलं नाही. म्हणून ह्या वेळी बाकी सगळे बॉक्स पार्टिकल बोर्डचे घेतले आणि फक्त सिंकखालचा बॉक्स वॉटरप्रूफ प्लायचा सुताराकडून बनवून घेतला, शटर मात्र बाकीच्यांसारखंच लावलं. प्लाय घेताना आयएस ७१० लिहिलेला मागा, तो मरीन ग्रेड, आयएस ३०३ हा साध्या वापराचा. शीटवर आयएसआयच्या खुणेबरोबर सीएम/एल असा लायसन्स नंबर असतो, तो बीआयएस ह्या सरकारी मानक संस्थेच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनी खरी का ते दिसतं, दोन मिनिटांचं काम आहे. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला एकदा स्वतः जाऊन या, सुतारावर सोडू नका, तिथे चार दुकानं फिरलात की भावाचा अंदाज येतो.

एचडीएचएमआर नावाचा बोर्ड पण हल्ली सगळीकडे सुचवतात, तो पार्टिकल बोर्डपेक्षा घट्ट आणि ओलाव्याला जास्त टिकणारा आहे, शटरसाठी चांगला. पण त्यालाही पाण्यात उभं ठेवायचं नाही. काहीही घेतलं तरी चारी कडांना एजबँड आहे का ते बघा, मागच्या आणि खालच्या कडेला पण, पैसे वाचवायला तिथेच सोडतात.

स्टीलच्या बास्केट घेत असाल तर ३०४ ग्रेड बिलावर लिहून मागा. दुकानदार चुंबक लावून दाखवतो की बघा चिकटत नाही म्हणजे ३०४, ते खरं नाही, २०२ ग्रेडला पण चुंबक चिकटत नाही आणि ते मिठाच्या-पाण्याच्या जागी लवकर गंजतं. बिजागऱ्या, हँडल, प्लग, कोन असल्या सुट्या गोष्टी कॅटलॉगमधून घेण्यापेक्षा रविवार पेठेत बोहरी आळीत घ्या, हँडलमध्येच आमचा बराच फरक पडला. बिजागऱ्या मात्र ओळखीच्या कंपनीच्याच, त्यात काटकसर नको, शटर लोंबायला लागलं की रोज डोळ्यासमोर येतं.

आमचा पूर्ण हिशोब

हे आमच्या घराचे आकडे आहेत, एक भिंत दहा फूट आणि दुसरी सहा फूट, म्हणजे नुसत्या लांबीने १६ रनिंग फूट, चिमणी आणि शेगडी जुनीच ठेवली. जीएसटी धरून आहे. तुमच्या भागातले भाव तुम्ही फिरून घ्या, पण ओळी मात्र ह्याच ठेवा, एकही गाळू नका.

कॅबिनेटचे बॉक्स आणि शटर ९२,०००
ड्रॉवर, बास्केट, बिजागऱ्या, हँडल ३८,०००
डिलिव्हरी आणि फिटिंग १७,५००
ग्रॅनाइट, कडप्पा, गवंडी, पॉलिश ३४,०००
टाइल्स आणि त्यांची मजुरी २२,०००
प्लंबिंग १३,५००
इलेक्ट्रिक १६,०००
तोडफोड आणि राडारोडा उचलणं ११,०००
सिंक आणि नळ १२,५००
रंग ८,५००
टेम्पो, लिफ्टचे पैसे, सोसायटी आणि बाहेरचं जेवण ९,०००

एकूण २,७४,०००. पहिल्या दोन ओळींची बेरीज १,३०,०००, म्हणजे निम्म्याहून कमी. म्हणून कॅबिनेटचा आकडा आला की त्याला सरळ दोनने गुणा, ओटा फोडणार असाल तर तेवढे लागतातच. ओटा, टाइल्स आणि तोडफोड ह्या तीन ओळी काढल्या तर ६७,००० कमी होतात, ओटा ठेवणाऱ्यांनी तसं धरावं. आणि जे येईल त्यावर १० ते १५ टक्के बाजूला ठेवा, ते कशात जातील सांगता येत नाही पण जातात. आमच्याकडे फरशी फोडल्यावर जुना जीआयचा म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा पाइप पूर्ण गंजलेला निघाला.

काही ओळींबद्दल जास्त सांगायला हवं.

ग्रॅनाइटचा भाव स्क्वेअर फुटावर सांगतात पण बिल तेवढ्यावर होत नाही. सिंकचं कटिंग वेगळं, हॉबचं म्हणजे ओट्यात बसणाऱ्या शेगडीचं वेगळं, पुढची कड गोल करायची तर तिचे रनिंग फुटावर वेगळे, आणि वाया जाणारा तुकडा तुमच्याच माथी. ६२ सेंमीच्या कॅबिनेटसाठी ओटा निदान २५ इंच खोल घ्या. दगड निवडायला कात्रज-कोंढवा रोडला दुकानं ओळीने आहेत, स्लॅब ओला करून बघा, बारीक तडा ओल्यावर दिसतो. वजनही लक्षात घ्या, १८-२० मिमी ग्रॅनाइट साधारण ५ किलो स्क्वेअर फुटाला, म्हणजे आमचा ओटा दीडशे किलोच्या वर. तो नुसत्या पार्टिकल बोर्डच्या बॉक्सवर ठेवायला माझं मन धजलं नाही, गवंड्यानेही नको म्हटलं, म्हणून कडप्प्याच्या उभ्या फरश्या ठेवल्याच, पण ह्या वेळी त्यांच्यामधलं अंतर कॅबिनेटच्या मापाने, ६० ला ६१, ८० ला ८१ असं, आणि ते मी स्वतः फरशीवर खडूने आखून दिलं.

इलेक्ट्रिकमध्ये कंजूषी करू नका. ओव्हन, डिशवॉशर, गीझर ह्यांना १६ अँपियरचे वेगळे पॉइंट आणि बोर्डापासून वेगळी लाइन. मिक्सर, आरओ, चिमणी, टोस्टर ह्यांचे ६ अँपियरचे, ओट्यावर निदान चार. प्लास्टर व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवा, शेजारी टेप धरून, म्हणजे वरचं कॅबिनेट ठोकताना वायरमध्ये ड्रिल जाणार नाही.

गॅसला हात प्लंबरचा लागू देऊ नका. पाइप गॅस असेल तर एमएनजीएलला, म्हणजे पुण्यात पाइप गॅस देणाऱ्या कंपनीला कळवून त्यांच्याच माणसाकडून पाइप सरकवून घ्या. मीटर आणि व्हॉल्व्ह कॅबिनेटच्या आत पॅक करून टाकू नका, हात पोचला पाहिजे. सिलेंडर वापरत असाल तर त्याच्यासाठी निदान ४५ सेंमी रुंद गाळा मोकळा ठेवा, तिथे तळाची फळी नको, सिलेंडर जमिनीवर चाकाच्या स्टँडवर राहील, आणि शटरला खालच्या बाजूला जाळी हवी कारण एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. पाइपमधला गॅस उलट हलका, त्यामुळे त्या कॅबिनेटला हवा जायची वाट वरच्या बाजूला हवी.

राडारोडा ही ओळ मी पूर्ण विसरले होते. जुना ओटा, टाइल्स, प्लास्टर मिळून एक छोटा टेम्पो भरतो. तो कोपऱ्यावर किंवा नदीपात्रात टाकला तर महापालिका दंड करते, आणि दंड नसता तरी ते करायला नकोच. ठेकेदाराशी बोलतानाच तोडफोडीत राडारोडा नेणं धरलंय का ते लिहून घ्या, वाघोलीला महापालिकेचा राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प आहे, कुठे नेणार ते विचारा. जुन्या स्टीलच्या ट्रॉल्या भंगारवाल्याला वजनावर द्या, आमचे त्याचे थोडे पैसे परत आले.

कोटेशन एका मापात आणा

एकजण रनिंग फुटावर सांगतो, दुसरा शटरच्या स्क्वेअर फुटावर, तिसरा कॅबिनेट मोजून. ह्यांची तुलना होत नाही आणि नवीन माणूस इथेच फसतो. आपला एकच कागद करा, त्यावर किती कॅबिनेट, कुठल्या मापाची, किती ड्रॉवर, कुठला बोर्ड, कुठल्या बिजागऱ्या, सगळं, आणि तोच कागद सगळ्यांना देऊन शेवटचा आकडा मागा, १८ टक्के जीएसटीसकट. १,३०,००० जीएसटी सोडून सांगितले असतील तर हातात येणारं बिल १,५३,४०० चं असतं, ह्या वाढलेल्या पैशात सिंक आणि नळ येतो. "हार्डवेअर एक्स्ट्रा" असा बारीक शब्द कुठे आहे का ते बघा.

ॲडव्हान्स निम्म्याहून जास्त देऊ नका, आणि १० टक्के काम संपून आठ दिवस होईपर्यंत हातात ठेवा. ऑनलाइन ऑर्डरला हे चालत नाही, तिथे पूर्ण पैसे आधी जातात, पण फिटिंगवाल्याच्या बाबतीत चालतं.

फिटिंग स्वतः करायचं का? बॉक्स जोडणं अवघड नाही, आम्ही दोघांनी आणि पुतण्याने एका शनिवार-रविवारी सात बॉक्स जोडले, रबरी हातोडा, ॲलन की, स्क्रू ड्रायव्हर, एवढंच लागतं. पण भिंतीला टांगणं, लेव्हल काढणं, सिंकसाठी मागची फळी कापणं हे अनुभवी माणसाकडूनच करून घ्या. आयकियाचं आम्हाला जवळचं दुकान तेव्हा नवी मुंबईत तुर्भ्याला होतं, एखादा स्क्रूचा पुडा कमी निघाला तर तेवढ्यासाठी एक्सप्रेसवेने जाणं परवडणारं नव्हतं, म्हणून खोकी आली त्याच दिवशी उघडून यादीशी ताडून बघा, बदलून घ्यायची मुदत निघून जायच्या आत. आणि खोकी आडवी ठेवा, उभी भिंतीला टेकवून ठेवली की पॅनल वाकतात, ओल्या प्लास्टरजवळ तर अजिबात नको.

कधी करायचं

जून ते सप्टेंबर टाळा, टाइल्स-प्लास्टर वाळत नाही आणि बोर्ड ओलावा धरतो. दिवाळीच्या आधीचा महिना पण टाळा, सगळ्या पुण्याला तेव्हाच किचन हवं असतं. बरेच सुतार राजस्थान, यूपीकडचे, ते दिवाळीला आणि होळीला गावी जातात आणि परत यायला पंधरा दिवस सहज लागतात. आम्ही संक्रांतीनंतर सुरू केलं, सहा आठवडे लागले. सोसायटीला पत्र आधी द्या, डिपॉझिट, कामाच्या वेळा, लिफ्टमधून सामान न्यायचे नियम हे विचारा, आमच्याकडे दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद, म्हणजे मजुराच्या दिवसातले दोन तास गेले, ते दिवसांच्या हिशोबात धरा.

कामाचा क्रम असा ठेवा: तोडफोड, मग प्लंबिंग आणि इलेक्ट्रिकची खोदाई, मग कडप्पा आणि ओटा, मग टाइल्स, रंगाचा पहिला हात, दुसरं माप, कॅबिनेट, आणि शेवटचा रंग. चिमणीच्या पाइपचं भोक टाइल्सच्या आधी पाडून घ्या, नंतर पाडलं तर टाइल तडकते. चिमणी शेगडीपासून ६५ ते ७५ सेंमी वर येईल असं बघून वरची कॅबिनेट आखा.

शेवटचे पैसे द्यायच्या आधी

सिंक तोंडापर्यंत भरा आणि एकदम सोडा, खाली कोरडा टिश्यू पेपर धरून प्रत्येक जोड पुसून बघा. सिंकच्या कॅबिनेटच्या तळाला स्टीलचा किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा टाकून घ्या, कडा वर वळवलेला, थोड्या पैशात होतो. पाइप जिथून जातो ती भोकं सिलिकॉनने बंद करा, झुरळं तिथूनच येतात. ड्रॉवर पूर्ण भरून ओढून बघा, रिकामे सगळेच छान सरकतात. शटरच्या फटी एकसारख्या आहेत का ते लांबून बघा, नसतील तर बिजागरीवरच्या स्क्रूने शटर वर-खाली, आत-बाहेर करता येतं, ते फिटिंगवाल्याकडून शिकून घ्या आणि तो स्क्रू ड्रायव्हर ड्रॉवरमध्येच ठेवा, कारण पहिला पावसाळा गेला की एकदा ते करावं लागतं, आम्ही गणपतीनंतर केलं, अर्ध्या तासात झालं.